सख्ख्या भावाचे रक्त

स्वतःविषयी लिहावे इतके मोठे माझ्या हातून काही घडलेले नाही, हे मी आरंभीच कबूल केले होते. या प्रकरणाच्या तोंडाशी ते पुन्हा कबूल करावेसे वाटते. मागच्या पानांत शाळेविषयी लिहिले, गावाविषयी लिहिले, ते निदान माझे होते. आता जे लिहिणार आहे ते माझ्या बहिणीचे आहे. ती असती तर तिने मला ते लिहू दिले असते की नाही, मला माहीत नाही. तिला अक्षरओळख नव्हती, आणि आपल्याविषयी कोणी कागदावर काही लिहील ही कल्पनाच तिला हसू आणणारी वाटली असती. तीनदा मी हे प्रकरण ओलांडून पुढचे लिहायला घेतले आणि तिन्ही वेळा दोन पानांवर अडलो. म्हणून शेवटी लिहितो आहे. मला लिहिण्याचा सराव नाही, सांगण्यात मागेपुढे होईल. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

आमचे घर ठाण्याजवळ कोलशेतला, खाडीच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, पुढे सारवलेली ओटी. ओटीवर उभे राहिले की समोर मिठागराचे वाफे दिसत. वडील त्या मिठागरावर मीठ पिकवायचे काम करीत, आणि पावसाळ्यात आमच्या तुकड्याएवढ्या शेतात भात लावीत. दिवाळीनंतर वाफ्यांची जमीन तयार करायची वेळ येई. ओल्या चिखलावर सगळ्यांनी ओळीने उभे राहून पायांनी ती जमीन तुडवून तुडवून फरशीसारखी घट्ट करायची. पंधरावीस जणांचे पाय एका ठेक्यात पडत. एक जण गाण्याची ओळ टाकी, बाकीचे ती झेलीत. तो धप्प धप्प आवाज सकाळी डोळे उघडायच्या आधीच कानात शिरे. अजूनही कधी पहाटे झोपेत तो ऐकू येतो आणि मी उठून बसतो. ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या या खोलीत तो कुठून येणार, बहुधा शेजारी कोणी मसाला कांडत असते.

आई मी चार वर्षांचा असताना गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. आठवते ती चांगुणा. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा अवघी दहा वर्षांची. तिनेच मला वाढवले. वडिलांची विधवा बहीण, आमची आत्या, घरात होती आणि घर तिच्याच शब्दावर चाले. पण आत्याचा जीव शब्दात होता, हातात नव्हता. मला न्हाऊ घालणे, भरवणे, शाळेत धाडणे हे चांगुणाचे काम. ओहोटीला चिखलात उतरून ती निवट्या धरून आणी. चिखलातला तो निसरडा मासा तिच्या मुठीतून कधी सुटला नाही. त्याचे चिंच घालून केलेले आंबट आणि तव्यावरून थेट पानात पडलेली तांदळाची भाकरी, याच्यापुढे मला पुढे मुंबईत मिळालेले कुठलेच अन्न अन्न वाटले नाही. सुका जवळा भाजताना ती मला चुलीपाशी बसवून पाढे म्हणायला लावी. तिला पाढा येत नसे, पण मी कुठे अडखळलो हे तिला आवाजावरून बरोबर कळे. "पुन्यांदा म्हन," एवढेच म्हणे आणि जवळा हलवीत राही.

मी मॅट्रिक झालो आणि मुंबईला वैद्यकीच्या शाळेत नाव घातले, तेव्हा आमच्या वस्तीत असे कोणी केले नव्हते. त्याचा मला अभिमान होता हे लपवत नाही. पण त्यात एक अडचण होती, ती त्या वयात मला कोणाला सांगता आली नाही. मी शिकू लागल्यापासून घरात कोणी मला कामाला हात लावू देईना. सुट्टीत घरी आलो आणि मिठाची पाटी उचलायला वाकलो की वडील म्हणत, "तू ऱ्हाव दे." बाकीचे तेवढ्यात पाटी उचलून चालू लागत. वडिलांच्या आणि बहिणीच्या तळपायांना मिठाने भेगा पडलेल्या, आणि मी ओटीवर पुस्तक घेऊन बसलेला. सगळ्यांच्या जिवावर मी जगतो आहे आणि मी कोणाच्या काही कामाचा नाही, असे मला सारखे वाटे. चांगुणा माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघे आणि हसे. म्हणे, "शिकून शिकून बोटं कशी झालीत बघ, सोललेल्या कोलंबीवानी." ती थट्टाच होती. पण मला ती लागे.

तिचे लग्न कल्याणला झाले होते. माझे मेहुणे भिवा दाजी कल्याणच्या बंदरावर पडाव, म्हणजे माल वाहणारी मोठी होडी, चालवीत. आमच्या बाजूचे मीठ घेऊन भरतीबरोबर वर कल्याणला जायचे आणि ओहोटीबरोबर परत यायचे. मोठा मोकळा माणूस. मला ते डाक्टरसाहेब म्हणत. एकदा मी बंदरावर गेलो तर चार खलाशांसमोर माझा हात धरून म्हणाले, "डाक्टरसाहेब, आमच्या पडावाची नाडी बघा जरा, तळातून पानी घेतंय." सगळे हसले, मीही हसलो. लग्नाला पाच वर्षे होऊनही मूल नव्हते, त्यावरून आत्या काहीबाही बोले. पण दाजींच्या तोंडून त्याविषयी कधी अवाक्षर निघाले नाही. सहाव्या वर्षी चांगुणाला दिवस गेले आणि रीतीप्रमाणे ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. शिमग्याच्या आधीचे दिवस होते. मिठाचा हंगाम भरात होता. मीही सुट्टीसाठी घरी आलो होतो.

इथे डॉक्टरांविषयी सांगितले पाहिजे. ठाण्यात तेव्हा एक पारशी डॉक्टर स्वतःचा दवाखाना चालवीत. त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांना माझ्यामुळे आधीच पुष्कळ सोसावे लागले. गावठाणातला मुलगा वैद्यकी शिकतो याचे त्यांना मोठे कौतुक. सुट्टीत मी त्यांच्याकडे जाऊन बसे, ते मला पुस्तके वाचायला देत. त्यांनी विलायतेहून एक उपकरण मागवले होते. रबराची एक नळी, तिच्या मधोमध दाबायचा एक फुगा, आणि दोन्ही टोकांना चांदीच्या बारीक नळ्या. एक टोक देणाऱ्याच्या शिरेत, दुसरे घेणाऱ्याच्या. फुगा दाबला की एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात जाते. असा प्रयोग मी मुंबईला एकदाच, तोही लांबून, पाहिला होता. रोगी वाचला होता. त्या दिवशी मी वसतिगृहात परतलो तो जवळजवळ धावतच. मरणाऱ्या माणसाला आपल्या अंगातले काढून देता येते, ही गोष्ट मला एखाद्या देवळात ऐकल्यासारखी वाटली होती. रक्त आणि रक्त यांत काही फरक असेल असे तेव्हा आम्हाला कोणी शिकवले नव्हते, कारण शिकवणाऱ्यांनाही ते माहीत नव्हते. माणसाचे रक्त माणसाला चालते, जनावराचे चालत नाही, एवढेच सगळे जाणत. हे मी स्वतःची सुटका करून घेण्यासाठी लिहीत नाही.

त्या सकाळी चांगुणा बाळंत झाली. मुलगी झाली. शेजारच्या किरिस्ताव वाडीतली मारीबाय सुईण होती, तिच्या हाताला यश होते. पण वार पडेना. मग पडली ती तुकड्यातुकड्याने, आणि रक्त वाहू लागले. मी ओटीवर होतो. आत कोणी रडत नव्हते, ओरडत नव्हते. नुसती मारीबाय हळू आवाजात काही सांगत होती आणि पाण्याच्या भांड्यांचा आवाज येत होता. आत्याने बाहेर टाकलेले पहिले लुगडे मी पाहिले. दुसरे पाहिले. तिसरे पाहिल्यावर मी उठलो आणि शेजारच्यांची बैलगाडी जुंपून ठाण्याला गेलो. डॉक्टरांना बोलवायला मला कोणी सांगितले नव्हते. ते उपकरण बरोबर घ्या असेही त्यांना मीच म्हणालो.

आम्ही परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. कल्याणला निरोप गेला होता आणि दाजी योगायोगाने पडाव घेऊन आमच्याच बंदराला लागलेले, म्हणून तेही पोचले होते. आत गेल्यावर कळले की रक्त थांबले होते. मारीबायने पोटावर मूठ दाबून धरून ते थांबवले होते आणि अजूनही ती तशीच दाबून बसली होती. चांगुणाचा रंग मात्र ओळखू येईना. ओठ वाफ्यातल्या मिठासारखे झालेले. डोळे उघडे होते. मला पाहून तिने बोटे हलवली. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, नाडी दोऱ्यासारखी लागते आहे, संध्याकाळपर्यंत टिकेल असे सांगता येत नाही, रक्त दिले तर आशा आहे. मग मोठ्याने विचारले, "घरात जवान, तगडा मानूस कोन हाय?"

दाजी दारात उभे होते. सदऱ्याची बाही वर सारून त्यांनी दंड पुढे केला. वल्ही मारून मारून त्या दंडावरच्या शिरा दोरखंडासारख्या उठलेल्या होत्या. डॉक्टरांनी एकदा पाहिले आणि मान हलवली, कोणत्याही डॉक्टरने असाच दंड निवडला असता.

तेव्हा आत्या मध्ये आली. तिने पदर खोचला आणि डॉक्टरांच्या आणि दाजींच्या मध्ये उभी राहिली.

"जावयाचा रगत नको," ती म्हणाली. "त्याचा रगत हिच्या अंगान गेला का ही त्याची बहीन झाली. उद्या ही कुकू कोनाच्या नावाचा लावंल?"

आज कोणी हे वाचून हसेल. पण तिथे कोणी हसले नाही. आमच्यात सोयरीक जुळवताना आधी एकच पाहत, दोन्ही घरांचे कुठे मागे रक्त एक झालेले नाही ना. एक रक्त असलेल्यांचे लग्न म्हणजे पाप, ते कुळावर येते. मग लग्नानंतर एक केले तर? आत्याचा हा प्रश्न तिच्या परीने सरळ होता. वडील खांबाला टेकून बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मारीबाय म्हणाली, "बाय मरते हितं, आन तू नाती मोजतेस." तिने स्वतःचा हातही पुढे करून दाखवला, पण दुसऱ्या हाताने तिला पोट दाबून धरायचे होते, आणि आत्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. दाजी म्हणाले, "ती जगली तर मी तिला बहीन म्हनून सांभाळीन, पन घ्या." हे ते इतक्या हळू बोलले की आत्याला बहुधा ऐकूच आले नाही. मला आले.

डॉक्टर चिडले होते, पण परक्याच्या घरात ते एकटे होते. ते माझ्याकडे वळले. "तू सांग यांना. तू शिकतोस. तुझं ऐकतील."

आणि खरोखरच सगळे माझ्याकडे पाहू लागले. वडीलसुद्धा. त्या घरात माझ्या शब्दाला कोणी थांबले असेल तर तो तेवढाच क्षण. मला ठाऊक होते की नवऱ्याचे रक्त बायकोला चालत नाही असे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. एवढे एक वाक्य मी बोललो असतो तर आत्या कुरकुरत बाजूला झाली असती. तिला माझा इतका अभिमान होता की माझे म्हणणे तिने देवाचे म्हणून घेतले असते. पण मी ते बोललो नाही. मी म्हणालो, "सख्ख्या भावाचं रक्त सगळ्यांत जवळचं. आमचं दोघांचं एकच आहे. माझं घ्या." हे मी विद्येच्या आवाजात म्हणालो. आत्याचा चेहरा उजळला. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि हो म्हणाले. जवळच्या नातलगाचे रक्त बरे, असे तेव्हा त्यांनाही वाटत असणार. दाजींनी बाही खाली ओढली.

मी तसे का म्हणालो, याचा विचार मी आयुष्यभर केला आहे. आत्याला दुखवायचे नव्हते, हे एक. पण खरे कारण ते नाही. खरे कारण हे की मला द्यायचे होते. इतक्या वर्षांत त्या घरात मला द्यायला पहिल्यांदा काही सापडले होते, आणि ते मला दुसऱ्या कोणाला देऊ द्यायचे नव्हते.

तिच्या बाजेशेजारी चटई टाकून मला निजवले. डॉक्टरांनी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला छेद घेतला, मग तिच्या. फुगा दाबला की मला दंडात ओढ लागे. माझी मान तिच्याकडे वळलेली होती. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता, लहानपणी एका गोधडीत निजत असू तेव्हा असायचा तसा. थोड्या वेळाने तिच्या गालावर रंग आला. खरोखर आला, तो मी एकट्यानेच पाहिला नाही, मारीबायने पाहिला, दाजींनी पाहिला. दाजी दारातच खाली बसले आणि त्यांनी चेहरा गुडघ्यात घातला. बाळ रडत होते. बाहेर मिठागरावर कोणीतरी मीठ ओढत होते, त्या लाकडी फळ्यांचा खर्र खर्र आवाज येत होता. मला वाटले, आता मी या घराचा झालो.

मग चांगुणा म्हणाली, "धर्मा, माजी कंबर कोन तोडतंय रे." मला वाटले बाळंतपणाची कळ असेल. पुन्हा म्हणाली, छातीवर कोणी बसलंय. तिचा चेहरा एकदम लाल झाला, मग तिला हुडहुडी भरली, अशी की बाजेचे पाय जमिनीवर वाजू लागले. डॉक्टरांनी नळी ओढून काढली. पेल्याभरही रक्त गेले नसेल. ते वाकून तिची छाती ऐकत राहिले आणि त्यांच्या कपाळावरून घाम तिच्या लुगड्यावर पडत होता. हुडहुडी थांबली. ती शांत पडून राहिली. दुसऱ्या दिवशी तिला जी लघवी झाली ती काळी होती, आणि त्यानंतर झालीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्या तीन दिवसांत ती फारसे बोलली नाही. एकदा माझ्या दंडावर बांधलेली पट्टी तिला दिसली, तेव्हा तिने आत्याला हाक मारून सांगितले, "याला दूध दे, याचा रगत कमी झालाय." ते मी दूध प्यालो.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचले की त्याच सुमारास काही डॉक्टर रक्ताऐवजी शिरेत मिठाचे पाणी सोडू लागले होते आणि त्याने रोगी जगत होते. आमच्या ओटीसमोर मिठाच्या राशी होत्या. मी ते पुस्तक मिटून ठेवले.

डॉक्टरांनी स्वतःलाच दोष दिला. नळीतून हवेचा बुडबुडा गेला असावा, तो हृदयात अडकला असावा, असे ते मला म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते. मी ते मानले. मानायला सोपे होते. गावात मात्र निराळेच पसरले, की पारशाने बाईच्या अंगातले उरलेसुरले रक्त शोषून घेतले. लोक त्यांच्या दवाखान्यात जाईनासे झाले. आत्या तर कोणी भेटले की तेच सांगे. मी तिला एकदाही अडवले नाही. वर्षभरात ते दवाखाना बंद करून नवसारीकडे निघून गेले. जाताना मला भेटायला बोलावले होते. मी गेलो नाही. वैद्यकीच्या शाळेतही मी परत गेलो नाही. चाकू हातात धरला की दंडात ती ओढ लागे. पुढे मी मास्तर झालो, कल्याणला आणि मग ठाण्याला, आणि मुलांना विज्ञान शिकवले. बरा मास्तर होतो असे म्हणतात.

मुलगी जगली. तिचे नाव सगुणा ठेवले. दाजींनी दुसरे लग्न केले नाही. तिला पडावावर बरोबर घेऊन हिंडत आणि कल्याणच्या घरी स्वतः भाकऱ्या थापून घालीत. मी रविवारी जात असे. सगुणा दहाएक वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. दाजी आणि मी संध्याकाळी बंदरावर बसलो होतो. दाजी पडावाच्या फटींत कापूस कोंबत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मास्तर, एक इचारू? माजं घेतलं असतं तर?"

मी म्हणालो, "काही फरक पडला नसता, दाजी. नळीत हवा गेली होती."

ते जरा वेळ कापूस कोंबत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. माज्या मनात ऱ्हायलं होतं." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. पंधरा वर्षांपूर्वी ते वारले, ते माझ्या त्या उत्तरावर विश्वास ठेवून.

आता अलीकडचे. रक्ताचे प्रकार असतात, हे मी म्हातारपणी वर्तमानपत्रात वाचले. माझा एक जुना विद्यार्थी ठाण्यात डॉक्टर आहे. त्याच्याकडे गेलो आणि उगीच कुतूहल म्हणून विचारले. त्याने एका कागदावर मला समजावून सांगितले, मी त्याला अपूर्णांक समजावून देत असे तसे. चार प्रकार. ए, बी, दोन्ही असलेला एबी, आणि काहीच नसलेला ओ. आपल्या अंगात जे नाही ते बाहेरून आले की शरीर त्याच्यावर तुटून पडते, रक्ताच्या कणांचा चुरा होतो. मग कंबर दुखते, थंडी भरते, लघवी काळी होते. तो सांगत होता आणि मी कागदाकडे पाहत होतो. माझेही रक्त तपासून दे म्हटले. त्याने मुंबईला पाठवून तपासून आणले. "सर, तुम्ही भाग्यवान," तो म्हणाला. "तुम्ही एबी. तुम्हाला कोणाचंही रक्त चालेल." मी विचारले, आणि माझे कोणाला चालेल? "तुमचं फक्त एबीला. पण या वयात तुमचं घेतंय कोण?"

मग मी त्याला सगळे सांगितले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. तो फार चांगला मुलगा आहे, त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, सर, सख्ख्या भावंडांचे रक्त एकसारखे असेलच असे नाही, पण असूही शकते. तुमची बहीणही एबी असेल, तर मग तुमच्या रक्ताने काही झाले नाही, ती हवाच असेल. आता कळायला मार्ग नाही. मग त्याला काही सुचले आणि तो बोलून गेला, मला वाटते बोलल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. मुलाला रक्ताच्या प्रकाराचा एक वाटा आईकडून आणि एक बापाकडून मिळतो, तो म्हणाला. एबी आईला मुलाला ए किंवा बी द्यावेच लागते. म्हणून बहिणीचे मूल जर ओ निघाले, तर आई एबी असूच शकत नाही. बाकी काही निघाले तर प्रश्न तसाच राहील.

म्हणजे सगुणाला एवढेच सांगायचे होते, की मुंबईत एकदा रक्त तपासून घे. ती भायखळ्याला राहते, मुलगा गिरणीत आहे. मी पत्र लिहायला घेतले आणि ठेवून दिले. पुन्हा घेतले आणि ठेवून दिले. आशेला चारांतल्या तीन वाटा मोकळ्या होत्या, आणि या वयात त्या मला पुरत होत्या. चांगुणा आणि मी एका आईची लेकरे, तिचे नाक माझ्यासारखे होते, हसणे माझ्यासारखे होते. मग रक्त का नसेल, असे मी स्वतःशी म्हणत असे. सहा महिने मी असे काढले. आत्याने त्या दिवशी जे मानले होते तेच मी इतके शिकूनही मानत होतो, हे मला कळत होते.

गेल्या आठवड्यात सगुणाचे पत्र आले. पोस्टमनने ते मला खाली दारातच दिले आणि मी जिन्यात उभा राहूनच वाचले. तिने नातवाकडून लिहून घेतले आहे, अक्षर त्याचे, बोलणे तिचे. ते जसे आहे तसे इथे उतरवतो.

"मामांना साष्टांग नमस्कार. विशेष हे की सून बाळंत झाली, मुलगा झाला. पण रक्त फार गेले आणि ती हातची जाते की काय असे झाले. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले. तिच्या सख्ख्या भावाचे जमले नाही म्हणाल्या. माझे घेतले. सून आता उठून बसते, पेज खाते. मामा, तुम्ही शिकलेले, तुम्हाला यातले कळेल म्हणून मुद्दाम लिहायला सांगते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचे रक्त ओ आहे, ते कोणालाही चालते."